पट्ट्यावरची दुसरी जागा

दिवाळी सरून डाळिंबाची शेड उघडली, तेव्हा पट्ट्याच्या मधोमध पत्र्याचं एक काळं खोकं उभं असलेलं बायांनी पाहिलं. छातीएवढं उंच, दोन्ही तोंडांना रबराच्या झालरी. पट्टा एका तोंडातून आत शिरत होता आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडत होता.

"मखर हाय का काय गं ह्ये?" मुक्ताबाई म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

"कॅमेरं हायती आत," युवराज म्हणाला. शेड त्याच्या वडिलांनी घातलेली. आता तोच सगळं बघायचा. "आठ कॅमेरं. फळ आत गेलं की गरागरा फिरतंय, चारी अंगांनी फोटू निघत्यात, आन मशीनच ठरवतंय, एक नंबर, दोन नंबर का फेक. तासाला चार टन."

हसणं थांबलं. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना मिळून बावीस बाया उभ्या राहायच्या. निमगाव केतकीकडच्या, कळसकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या. शेडचा टेम्पो सकाळी सातला त्यांना गोळा करून आणायचा. चार टन माल निवडायला बावीस जणींना जेवणाच्या सुट्टीपर्यंत हात चालवावे लागायचे. एकजण पदराच्या टोकानं पट्ट्यावरची धूळ पुसायला लागली.

"पर त्याला अजून काय कळत न्हाय," युवराज म्हणाला. "तान्ह्या लेकरागत हाय. शिकवाय लागंल. छबूमावशी, तुमी शिकवायचं."

छबूबाई पट्ट्याच्या पहिल्या जागेवर सतरा वर्षं उभी होती. क्रेट उलटा झाला, फळ पट्ट्यावर पडलं, की त्याला पहिला हात तिचा लागायचा. तडकलेलं, कुजकं, उन्हानं भाजलेलं फळ तिनं उचलायचं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे तेल्याचं. तेल्या हा रोग म्हणजे डाळिंबाचा काळ. आधी मोहरीएवढा तेलकट ठिपका पडतो, मग तो वाढत जाऊन मधोमध चिरतो. असं एक फळ पॅकिंगच्या खोक्यात गेलं की परदेशात पोचेस्तोवर शेजारची चार नासतात, आणि तिकडच्या तपासनिसाच्या हाताला लागलं तर सगळा माल परत. छबूबाईच्या हातून तेल्या सुटत नाही, असं व्यापारी आपसात बोलायचे. ते तिच्या कानावर आलं होतं, आणि ती ते विसरली नव्हती.

दुसऱ्या जागेवर तिची सून अनिता उभी राहायची. तिनं खरचटलेली, वेडीवाकडी फळं काढून दोन नंबरच्या क्रेटमध्ये टाकायची.

भिंतीकडेला टेबल मांडलं होतं. त्यावर दिव्याची पेटी, पेटीवर छोटा कॅमेरा आणि लॅपटॉप. ते सगळं सांभाळणारा नागेश पुण्याहून आला होता. पंचविशीतला, हळू बोलणारा इंजिनिअर. त्यानं छबूबाईला खुर्ची पुढं केली. ह्या शेडमध्ये ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. आताही ती अर्ध्याच खुर्चीवर टेकली, गुडघे जुळवून, पदर दोन्ही खांद्यांवर ओढून.

"मावशी, मी एकेक फळ तुमच्या हातात देणार," नागेश म्हणाला. "तुम्ही बघून सांगायचं. मग मशीन फोटो काढणार आणि तुमचा शब्द ध्यानात ठेवणार. अशी पाच हजार फळं झाली की ते तुमच्यासारखंच बघायला लागेल."

"माझ्यासारखं?"

"अगदी तुमच्यासारखं."

तिनं पहिलं फळ घेतलं. डोळ्यांपुढं धरलं, पण बघण्याआधी तिचा अंगठा सालीवरून फिरून आला. "एक नंबर," ती म्हणाली. दुसरं घेतलं. "दोन नंबर. काटा वढलाय." तिसरं तळहातावर जोखलं, कानाशी नेऊन टिचकी मारली. "ह्ये फेक. वरनं बरं दिसतंय, आतनं काळं पडलंय."

नागेशनं ते फळ सुरीनं कापलं. आत दाणे काळे पडून पाणी झाले होते. तो छबूबाईकडं बघतच राहिला. पट्ट्यावरच्या बाया उभ्या जागेवरून हे सगळं बघत होत्या. अनिताही बघत होती, पण तिच्या तोंडावर कौतुक नव्हतं. मांजराच्या पिलाला विहिरीच्या काठावर चालताना बघावं, तशी ती सासूकडं बघत होती.

संध्याकाळी टेम्पो वस्तीच्या फाट्यावर थांबला. छबूबाई खाली उतरली आणि थांबून राहिली. समोरून ट्रॅक्टर येत होता. त्याच्या दिव्याभोवती मोठं पिवळं कडं दिसत होतं आणि त्या कड्यात रस्ता, बांध, बाभळी सगळं बुडून गेलं होतं. ट्रॅक्टर निघून गेल्यावर ती चालायला लागली. मागं अनिता होती.

घरी झुंबर शेळ्यांना पाला टाकत होता. छबूबाईचा हा नवरा वालचंदनगरच्या कॉलनीत सतरा-अठरा वर्षं माळीकाम करून आलेला. आता गुडघे गेले होते, म्हणून घरची शेळ्या-करडं राखायचा. मुलगा संदेश दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. तीन दिवसांआड घरी यायचा.

"खुर्चीवर बसिवलंय मला," छबूबाई जेवताना म्हणाली.

"कशाला?"

"मशीनला शिकवाय." तिनं भाकरी मोडली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "आन गेल्या सीझनला दिसाला तुझ्या क्रेटा किती व्हायच्या गं?"

"अकरा," अनिता म्हणाली.

"तुझ्या पलीकडल्या सोनमच्या सोळा हुत्या. तिच्यापरास तू लहान हायेस का? हात चालवावा जरा. माझी सून म्हणून मला खाली बघाय लागतंय."

अनितानं तव्यावरची भाकरी उलथली. ती नेहमीच असं गप्प राहायची, आणि छबूबाईला त्याचाही राग यायचा.

पाच दिवस असे गेले. छबूबाई सकाळी दाराच्या उजेडात बसायची तोवर ठीक चालायचं. दुपार कलली की पश्चिमेच्या दारातून ऊन थेट तोंडावर यायचं. दिव्याची पेटी पांढरी होऊन जायची, आणि फळ म्हणजे नुसता लाल गोळा उरायचा. मग ती डोळे बारीक करायची, अंगठा दोन-दोनदा फिरवायची. जुना, चिरलेला तेल्या अंगठ्याला खरखरीत लागतो. नवा लागत नाही. तो साल फुटेपर्यंत गुळगुळीत असतो. हे तिला ठाऊक होतं. तरी ती "एक नंबर" म्हणत गेली, कारण पुन्हा पुन्हा बघत थांबलं तर नागेश विचारेल, आणि काय सांगायचं हे तिला सुचत नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपार कलल्यावर नागेश तिच्याशी बोलला नाही. लॅपटॉपकडं बघत बसला. मग उठून युवराजच्या खोलीत गेला. काचेतून दोघं बोलताना दिसत होते. नागेश हात खालीवर करून काहीतरी समजावत होता, हळू हळू म्हणत असावा. युवराज ऐकत नव्हता. तो तडक बाहेर आला. त्याच्या हातात एक डाळिंब होतं.

"मावशी, ह्ये काय हाय?"

छबूबाईनं फळ घेतलं. अंगठा फिरवला. साल नितळ होती. "एक नंबर."

"नीट बघा."

"एक नंबर हाय, दादा."

युवराजनं पट्ट्याचं बटण दाबलं. पट्टा थांबला. एकदम सगळी शेड शांत झाली, बाहेर झाडावर कावळा ओरडत होता तो ऐकू आला.

"सोनम, हिकडं ये. काय दिसतंय सांग."

सोनम आली. तिनं फळ पाहिलं, छबूबाईकडं पाहिलं, मान खाली घातली. "तेल्या हाय. तीन ठिपकं."

"तीन!" युवराज म्हणाला. "आन ह्येच फळ परवा सकाळी मावशी तेल्या म्हणल्या, आन दुपारी ह्येच फळ एक नंबर. नागेश एकच फळ दोनदा देतोय, तपासाय. दुपारपासनं पुढचं समदं उलटंपालटं. पाच दिस वाया."

"सगळं वाया नाही गेलं," नागेश हळूच म्हणाला. "सकाळचं चांगलं आहे. मी म्हणत होतो की मावशींना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडं..."

"थांब." युवराजला आता वेगळाच विचार पडला होता. तो बायांकडं वळला. "मावशीला जर दिसतच न्हाय, तर मागली दोन सालं आपला माल परत कसा आला न्हाय? पयल्या जागंवर कोण निवडत हुतं?"

मुक्ताबाई पट्ट्याच्या पार टोकाला होती. ती म्हणाली, "अनिता उचलती की मागनं. आमाला समद्यांस्नी ठावं हाय."

छबूबाई खुर्चीतून उठली. पाय खुर्चीच्या पायात अडकला, आणि नागेशनं दंड धरला म्हणून ती पडली नाही. अनिता दुसऱ्या जागेवर उभी होती. तिच्या दोन्ही हातांत दोन फळं होती आणि ती कुठं ठेवावीत ते तिला कळत नव्हतं.

त्या दिवशी छबूबाई उरलेला वेळ शेडच्या मागं, मोडक्या क्रेटांच्या थप्पीआड बसून राहिली. कुणी तिला हाक मारली नाही. चहाच्या सुट्टीत अनितानं कपभर चहा आणून शेजारी ठेवला आणि गेली. त्यावर साय धरली.

फाट्यावर उतरल्यावर दोघी वाटेला लागल्या. दोन्हीकडं ऊस होता. निम्मी वाट सरली.

"कवापास्नं?" छबूबाईनं विचारलं.

"दोन वरीस झालं."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी काम सोडलं असतं."

"मग सोडलं असतं!"

"तुमी कशा ऱ्हायला असता आत्या घरी? आजारपणात चार दिस बसला हुता, तर कुणाशी धड बोलत नव्हता." अनिता थांबली. "तुमच्या हाताला कळतंय तेवढं तुमी उचलायचा. सुटलेलं मी उचलायची. कुणाचं नुकसान झालं न्हाय."

छबूबाई चालत राहिली. मग तिला एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. सासूची सुटलेली फळं उचलण्यात ज्या पोरीचे हात गुंतलेले, तिच्या स्वतःच्या क्रेटा कमीच भरणार. अकरा. बारा. आणि रोज जेवताना ती तेच काढायची. संदेशला सांगायची, तुझी बायको मंद हाय. एवढ्यावर थांबली नव्हती ती. गेल्या संक्रांतीनंतर ती मुद्दाम सुप्याला गेली होती, अनिताच्या माहेरी, आणि विहिणीच्या ओसरीवर बसून, शेजारपाजारच्या दोन बायांच्या देखत म्हणाली होती, "लेक नुसती उभी ऱ्हाती. कामाला हात लागंना तिचा. आमच्या गळ्यात मारलीसा." विहिणीनं खाली मान घालून ते ऐकून घेतलं होतं.

"अनिता," छबूबाई म्हणाली. ऊस वाऱ्यानं सळसळत होता.

"चला आत्या. खड्डा हाय पुढं," अनिता म्हणाली, आणि तिनं सासूचा हात धरला.

शेडच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मुक्ताबाई घरी आली. तिच्यासोबत पट्ट्यावरच्या आणखी दोघी होत्या. मुक्ताबाई साठीच्या घरातली, एकटी राहणारी. छबूबाई कामाला लागली तेव्हा फळ कसं धरायचं हे तिनंच तिला दाखवलं होतं. अंगणात पटकुरावर सगळ्या बसल्या. झुंबर भिंतीला टेकून दोरी वळत होता.

"छबू, मी बोलले त्ये तुला लागलं असंल," मुक्ताबाई म्हणाली. "पर युवराजनं इचारलं, आन तोंडातनं निघून गेलं."

"खरंच हुतं."

"आता ऐक. तुझ्या जागंवर अनिताला बसिवणार हायती. कालच बोलत हुतं दोघं." मुक्ताबाई पुढं सरकली. "तिला म्हणावं चुकीचं शिकीव. समदं न्हाय. शंभरात पंधरा. तुझं जसं झालं तसं. मशीन चुकाय लागलं म्हंजी त्येच बायांस्नी बोलवत्याल. आमच्यातल्या कुणाला जमीन हाय का सांग. ह्या वयात मी कुठं जाऊ?"

झुंबरची दोरी थांबली. "मुक्ता म्हणती त्ये काय खोटं न्हाय," तो म्हणाला.

छबूबाई म्हणाली, "मुक्ते, डोळ्यांनी मला फसिवलं त्ये येगळं. जाणूनबुजून वाईट फळ मी सोडलं न्हाय कधी. त्ये कुणाच्या तरी बागंतनं आलेलं असतंय. एका फळापायी त्याचा समदा माल परत येतोय."

"तुला बोलाय काय हुतंय? तुझ्या घरातली खुर्चीवर बसणार हाय."

ते खरं होतं.

अनिता दारात उभी होती. ती म्हणाली, "मावशी, मला खोटं बोलाय जमायचं न्हाय. पर मी एकटी बसायची न्हाय त्या खुर्चीवर. मी सांगते युवराजदादाला. एकाच्या नजरंवर सोपवलं म्हणूनच पाच दिस वाया गेलं. तिघी बसू. मी, सोनम आन तुमी. मग तुमाला काय सांगायचं त्ये तुमी सांगा मशीनला. मी तुमचा हात धरायची न्हाय."

मुक्ताबाई पटकुरावरून उठली.

युवराज आधी तयार नव्हता. "तिघींचा येळ घालवू काय?" म्हणाला. पण नागेश म्हणाला, "बरोबर बोलतायत त्या. तिघींपैकी दोघींचं जुळलं तरच धरायचं." मग टेबलापाशी तीन खुर्च्या आल्या.

चार दिवस मुक्ताबाई खुर्चीवर बसली. पहिल्या दिवशी सकाळी तिनं ठरवून ठेवलं होतं. हे तिनंच बऱ्याच दिवसांनी छबूबाईला सांगितलं. हातात तेल्याचं फळ आलं. डोळ्यांपुढं ठिपका स्वच्छ दिसत होता. तोंडात "एक नंबर" तयार होतं. आणि बाहेर पडलं, "तेल्या." दुसऱ्या फळालाही तसंच. तिसऱ्याला तिनं ओठ आवळून धरले, नागेश वाट बघत राहिला, "मावशी?" म्हणाला, आणि तिनं हळूच सांगितलं, "तेल्या." चार दिवसांत तिच्या तोंडातून एकही चुकीचा शब्द निघाला नाही. दुपारच्या सुट्टीत ती डबा न उघडताच बसून राहायची.

पौष लागला तेव्हा काळ्या खोक्यातून पट्टा पहिल्यांदा भरधाव चालला. फळं झालरीखालून आत जायची, आत पांढरा उजेड लखलखायचा, आणि पलीकडं बारीक फळ्या खटाखट उघडून एकेक फळ आपापल्या वाटेला पडायचं. युवराजनं नारळ फोडला, पेढे वाटले. त्याच संध्याकाळी त्यानं नावं वाचली. नऊ बाया राहणार होत्या. अनिता होती, सोनम होती. मुक्ताबाई नव्हती. युवराज तिच्याशी बोलताना खाली बघत होता. "सीझन वाढला की बोलवतो, मावशी," तो म्हणाला. तिनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि टेम्पोकडं चालू लागली.

ह्या सगळ्यात छबूबाई शेडवर नव्हती. झुंबरनं तिला बारामतीला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीण बाईंनी डोळ्यात बॅटरी मारून बघितलं.

"आजी, किती वर्षं अंगावर काढलंत?"

"दिसत हुतं की."

"काय दिसत होतं? मोतीबिंदू पार पिकलाय. आधी उजवा करू. डाव्याचं तीन महिन्यांनी."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आधी पाणीच आलं. मग समोर भिंत दिसली, भिंतीला रंगाची एक पोपडी सुटलेली दिसली, खिडकीच्या गजावर मुंगी चालताना दिसली. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या लुगड्याची किनार जांभळी होती. जांभळा रंग असा असतो हे ती विसरून गेली होती. तिनं झुंबरकडं बघितलं. "तुमी लई म्हातारं झालासा की वो," ती म्हणाली. तो दात नसलेल्या तोंडानं हसला.

घरी आल्यावर अनिता औषधाचे थेंब घालायला जवळ आली. सकाळी टेम्पोच्या आधी, संध्याकाळी आल्यावर, झोपताना. दुपारचे तेवढे झुंबर घालायचा. "वर बघा आत्या," म्हणून तिनं पापणी धरली. थेंब पडायच्या आधी छबूबाईला सुनेचा चेहरा दिसला, अगदी विताएवढ्या अंतरावरून. दोन्ही गालांवर वांग उठले होते. कानामागं केसांची एक बट पांढरी झालेली. पोर अजून तिशीचीही नव्हती. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलं होतं आणि त्यात डाळिंबाचा काळा डाग मुरला होता.

"नख कशानं फाटलं?"

"क्रेटात सापडलं हुतं."

"कवा?"

"लई दिस झालं, आत्या. डोळा मिटा."

छबूबाईनं डोळा मिटला. औषध आत झोंबत राहिलं.

तीन दिवसांनी संदेश टँकरवरून आला. जेवायला बसला तेव्हा छबूबाई म्हणाली, "संदेश, मी हिला मंद म्हणायची. ती मंद न्हवती. दोन वरीस ती दोघींचं काम करत हुती, माझंबी आन तिचंबी. ध्यानात ठेव." संदेश घास हातात धरून एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला. अनिता पाणी आणायला म्हणून उठून गेली.

महिन्याभरात मुक्ताबाई एकदाच भेटली. फाट्यावर, पहाटेच्या थंडीत, कांदा खुरपायला जाणाऱ्या बायांच्या घोळक्यात. डोकीला गमजा बांधला होता, हातात खुरपं.

"दिसतंय का?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"बरं झालं." मग ती म्हणाली, "खुरपताना गुडघं भरून येत्यात गं. उभ्याची सवय झालीया." आणि पिकअपमध्ये चढली. छबूबाई तिचा पाठमोरा गमजा दिसेनासा होईस्तोवर बघत उभी राहिली. त्या दोघी पुन्हा बोलायला लागल्या, पण पहिल्यासारखं मनमोकळं बोलणं झालं नाही.

माघात डॉक्टरीण बाईंनी फिरायला मोकळीक दिली. त्याच आठवड्यात एके सकाळी अनिता कामावर गेल्यावर छबूबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

"कुठं?" झुंबरनं विचारलं.

"सुप्याला जाऊन येते."

त्यानं तिच्याकडं बघितलं. "गॉगल घाल," एवढंच म्हणाला.

बारामतीला तिनं एसटी बदलली. पाटी स्वतः वाचली. गाडी सुप्याच्या अंगाला लागली तसा ऊस मागं राहिला, माळरान आलं, पिवळी ज्वारी आली. दवाखान्यातला हिरवट गॉगल काढून ती खिडकीतून बघत होती. नवऱ्याकडच्या बाईनं सुनेच्या माहेरी जाऊन चूक कबूल करायची, असं तिनं तरी कुठं पाहिलं नव्हतं. काय म्हणायचं ते तिनं चार वेळा मनात जुळवलं आणि चारही वेळा मोडलं.

विहीण कोंडाबाई घराला लागूनच असलेल्या रानात होती. ज्वारी काढणीला आली होती. जवळच्या अभयारण्यातली हरणं रात्रीची पिकात शिरतात म्हणून तिनं बांधाला जुनी लुगडी बांधली होती. छबूबाईला बघून ती लगबगीनं आली, तोंडावर भीती होती.

"अनिता बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. समदं बरं हाय."

दोघी ओसरीवर आल्या. कोंडाबाईनं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. छबूबाईनं पाणी घेतलं नाही.

"इहीणबाई, गेल्या साली मी हितं बसून बोलले हुते. अनिताला. चार माणसांत."

कोंडाबाईनं गुळाची वाटी पुढं सरकवली.

"माझं डोळं गेलं हुतं. माझी सुटलेली फळं ती उचलायची, म्हणून तिच्या क्रेटा कमी भरायच्या. मला ठावं नव्हतं. म्हंजी डोळ्याचं ठावं हुतं, तिचं ठावं नव्हतं." ती पुढं सरकली. "तुमच्या शेजारणींस्नी बोलवा. त्यांच्या म्होरंच सांगायचं हाय मला."

"कुणाला बोलवाय नको," कोंडाबाई म्हणाली. तिनं गुळाचा खडा उचलला आणि परत वाटीत ठेवला. "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"समदं. दोन वरसामागं दिवाळीला आली हुती तवाच म्हणली हुती. आये, आत्यांस्नी दिसंना झालंय, मी सांभाळून घेते, तू कुणाला बोलू नकोस."

छबूबाई तिच्याकडं बघत राहिली. विहिणीच्या तोंडावरची एकेक सुरकुती तिला दिसत होती. त्यात राग कुठं आहे ते ती शोधत होती.

"मग त्या दिशी बोलला का न्हाय? मी तुमच्या ओसरीवर बसून तुमच्याच लेकीला नावं ठेवत हुते. म्हणायचं हुतंसा, तुझंच डोळं फुटल्यात म्हणून!"

"जिभंवर आलं हुतं," कोंडाबाई म्हणाली. "पर पोरीला सबूद दिला हुता. तुमाला जेवाय वाढलं, वटी भरली, एसटीत बसवून आले. आन मग ज्वारीत जाऊन रडले."

आत कुठंतरी कोंबडी कॉक कॉक करत होती. छबूबाई ओसरीवरून उठली. खाली उतरून विहिणीच्या समोर आली आणि तिच्या पायांकडं हात नेत खाली वाकायला लागली. कोंडाबाईनं घाईनं उठून तिचे दोन्ही दंड धरले. तिचे हात ज्वारीच्या पात्यांनी कापलेले, खरखरीत होते. तिनं छबूबाईला सरळ उभं केलं.

"वाकू नका," ती म्हणाली. "डोळा ताजा हाय अजून."

तिनं दंड सोडले नाहीत. दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग कोंडाबाईनं पदरानं आपलं नाक पुसलं आणि चुलीकडं वळली.

"बसा. पीठ मळते. गरम भाकरी खाऊन जावा."